परवान्यामागचा माणूस: अन्न आणि रसायन उद्योगांतला कायदेशीर पूर्ततेचा सल्लागार

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन मसाला, सॉस, फिनाइल किंवा पिकांवर फवारायचे द्रवखत तयार करायला निघालेल्या उद्योजकाची यंत्र विकणाऱ्याच्याही आधी ज्याच्याशी गाठ पडते, तो माणूस म्हणजे ‘लायसन्सची कामे करणारा’. कुणी त्याला कन्सल्टंट म्हणते, कुणी सरळ एजंट म्हणते, आणि त्याच्या कार्यालयाच्या पाटीवर बहुधा त्याहून भारदस्त काहीतरी लिहिलेले असते. या एकाच पाटीखाली दोन अगदी निराळी कामे चालतात. पहिले काम कागद गोळा करून अर्ज भरण्याचे आणि तो पुढे सरकवण्याचे. दुसरे काम आपल्या गाळ्यात प्रत्यक्ष काय शिजते, काय मिसळले जाते, काय वाहून जाते आणि काय उरते हे समजून घेऊन त्यावर कोणता कायदा लागतो ते सांगण्याचे. पहिले काम थोड्या चिकाटीने उद्योजक स्वतःही करू शकतो. पैसे मोजावेत असे काम दुसरे आहे, आणि बाजारात पहिल्याचीच गर्दी अधिक आहे.

या माणसाची गरज मुळात का पडते, हे समजण्यासाठी कायद्यांची रचना पाहावी लागते. अन्नाच्या बाबतीत ती तुलनेने सुटसुटीत आहे. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५५ चा फळ उत्पादने आदेश आणि दूध, मांस, खाद्यतेल यांचे वेगवेगळे आदेश रद्द करून त्यांच्या जागी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ हा एकच कायदा आला. त्याखालचे नियम आणि विनियम ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. दिल्लीत भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआय मानके ठरवते, आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते, ज्याला आपण सगळे एफडीए म्हणतो. रसायनांच्या बाजूला असा एक कायदा नाही. तिथे १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा आधीपासून होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने अधिनियमातली घातक प्रक्रियांविषयीची दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम आणि १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा असे एकावर एक थर चढत गेले. यातला कोणताही थर आधीचा थर काढून टाकत नाही. त्यामुळे एकाच टाकीकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ एका नजरेने पाहते, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय दुसऱ्या नजरेने, आणि टाकीत ज्वलनशील द्रावक असेल तर नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना तिसऱ्या नजरेने पाहते.

अर्जातले वर्णन हेच निम्मे काम

परवान्याच्या अर्जात आपल्या व्यवसायाचे वर्णन करायचे असते. उत्पादन कोणते, त्याचा प्रकार कोणता, दिवसाला किती होणार, यंत्रे कोणती, कच्चा माल काय, पाणी किती लागणार आणि सांडपाणी किती निघणार. ही माहिती सगळे जण पटकन भरून टाकतात, आणि पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

अन्नाचे उदाहरण घेऊ. निफाडच्या कुणा बागायतदाराने निर्यातीतून उरलेल्या द्राक्षांचे पेय बाटलीत भरून विकायचे ठरवले. त्याच्या घरी त्याला ‘द्राक्षाचा ज्यूस’ म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र त्यात किमान १० टक्के फळांश असेल आणि ते बाटलीतून थेट प्यायचे असेल तर ते एक उत्पादन होते. किमान २५ टक्के फळांश आणि ४० टक्के विद्राव्य घनपदार्थ असलेले, पाणी घालून प्यायचे स्क्वॉश हे दुसरे. आणि ‘ज्यूस’ हा शब्द लेबलवर छापायचा असेल तर अपेक्षा त्याहून वेगळीच. प्रत्येक प्रकारात कोणते परिरक्षक (टिकवण्यासाठी घालायचे रसायन) किती प्रमाणात चालेल, हेही ठरलेले आहे. अर्जात एक प्रकार निवडला, बाटलीवर दुसरे नाव छापले आणि आत तिसरेच प्रमाण भरले, तर पेय कितीही चांगले असले तरी ते ‘मिथ्याछाप’ (लेबल आणि माल जुळत नसलेले) किंवा ‘कमी दर्जाचे’ ठरू शकते. या कायद्यात मिथ्याछाप अन्नासाठी ३ लाख रुपयांपर्यंत आणि कमी दर्जाच्या अन्नासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाणकार सल्लागार अर्ज उघडण्याआधी पाककृती मागतो, त्यातले घटक टक्केवारीने लिहून घेतो आणि मगच उत्पादनाचा प्रकार निवडतो. पाककृती न विचारता आधार कार्ड, वीजबिल आणि गाळ्याचा करारनामा मागणारा सल्लागार पहिल्या प्रकारातला आहे, हे ओळखून घ्यावे.

नोंदणी की परवाना, आणि परवाना राज्याचा की केंद्राचा, हाही वर्णनाचाच भाग. २०११ च्या मूळ विनियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीच्या लहान व्यावसायिकाला साधी नोंदणी पुरेल आणि त्यावरच्याला परवाना लागेल, अशी आखणी होती. मोठे उत्पादक, आयातदार आणि काही ठरावीक उत्पादने केंद्रीय परवान्याकडे जात. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून सल्लागाराने तोंडी सांगितलेला आकडा न धरता अर्ज करण्याच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर तो स्वतः तपासावा. परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो, त्यातला पहिला अंक १ असेल तर तो परवाना आणि २ असेल तर ती नोंदणी. दुसऱ्याकडून माल बनवून घेणाऱ्यांनी एवढे तपासले तरी पुष्कळ फसगत टळते.

रसायनांच्या बाजूला हाच मुद्दा अधिक टोकदार होतो. समजा, अंबडमध्ये कुणी साफसफाईची द्रावणे तयार करतो. तो तयार घटक विकत घेऊन पाण्यात ढवळतो आणि बाटल्या भरतो, म्हणजे त्याचे काम मिश्रणाचे आहे, रासायनिक अभिक्रिया होत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना प्रदूषणाच्या निर्देशांकानुसार लाल, नारिंगी, हिरव्या, पांढऱ्या अशा गटांत बसवते. अभिक्रिया करणाऱ्या आणि केवळ मिश्रण करणाऱ्या उद्योगाचा गट वेगळा असू शकतो, आणि गटावर संमतीपत्राची (उद्योग चालवायला मंडळ देते त्या परवानगीची) मुदत, शुल्क आणि तपासणीची वारंवारता अवलंबून असते. अर्जात ‘रसायन निर्मिती’ असे मोघम लिहिले की साधे मिश्रण करणाऱ्याच्या गळ्यात मोठ्या कारखान्याच्या अटी पडतात. उलटही घडते. सुरुवातीला मिश्रण करणारा दोन वर्षांनी एखादी अभिक्रिया सुरू करतो, संमतीपत्र जुन्याच वर्णनावर चालू राहते, आणि कृत्रिम सेंद्रिय रसायनांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरी लागू शकते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पहिल्या चुकीत पैसे जातात, पण दुसरीत कारखाना बंद होऊ शकतो.

यातच एक गोष्ट अशी आहे की जी मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. पुष्कळदा बाटलीतल्या पदार्थापेक्षा बाटलीवरचा दावा कायदा ठरवतो. समुद्री शेवाळाचा अर्क ‘पिकाची वाढ सुधारतो’ म्हणून विकला तर तो जैव-उत्तेजक ठरतो आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत येतो. त्याच बाटलीवर ‘थ्रिप्सचा बंदोबस्त’ असे छापले की ते कीटकनाशक होते आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय नोंदणी लागते, जी डेटा आणि चाचण्यांशिवाय मिळत नाही. ‘फरशी स्वच्छ करते’ म्हणून विकलेले द्रावण ‘जंतुनाशक’ म्हणून विकायचे ठरले की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचा आणि त्याखालच्या, जंतुनाशकांची मानके सांगणाऱ्या अनुसूची ‘ओ’चा संबंध येतो. आवळ्याच्या रसावर ‘मधुमेहावर गुणकारी’ असे लिहिणे अन्न कायद्यात बसत नाही. रोग बरा करण्याचा दावा अन्नाला करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लेबल छपाईला देण्यापूर्वी सल्लागाराला दाखवणे म्हणूनच अर्ज भरून घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्याकडे क्रम उलटा असतो. पन्नास हजार पाऊच छापून झाल्यावर ‘जरा बघून घ्या’ म्हणून फोन केला जातो.

चिवड्याची कढई आणि जनरेटरचे तेल

अन्न व्यवसाय आणि रसायन व्यवसाय अशी विभागणी बोलायला सोयीची आहे, कारखान्याच्या छपराखाली ती टिकत नाही. नाशिकच्या चिवड्याचे एखादे मध्यम आकाराचे युनिट पाहा. तिथे दोन प्रकारचे वापरलेले तेल निघते. कढईतले तळणाचे तेल अन्न कायद्याखाली येते. त्यातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणासाठी वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवून वापरलेले तेल अधिकृत संकलकाला द्यायचे असते. शेजारीच उभ्या असलेल्या जनरेटरमधून काढलेले वंगणाचे तेल मात्र २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत घातक कचरा म्हणून नोंदवलेले आहे. ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि भंगारवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला रीतसर कागदासह द्यावे लागते. चिवडेवाल्याला वाटते, आपला घातक कचऱ्याशी काय संबंध. त्याला पहिल्या तेलाचे सांगणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्याचे सांगणारा क्वचित भेटतो, कारण अन्नाचा सल्लागार एक असतो आणि प्रदूषणाचा दुसरा, आणि जनरेटर दोघांच्याही यादीत नसतो.

पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी या पट्ट्यातली शीतगृहे हे याहून मोठे उदाहरण. द्राक्षे साठवणारे शीतगृह हा अन्न व्यवसायच, साठवणुकीसाठी त्याला अन्न परवाना लागतो. पण थंडावा पुष्कळ ठिकाणी अमोनियातून येतो, आणि अमोनिया १९८९ च्या नियमांच्या यादीतले विषारी रसायन आहे. साठा ठरलेल्या उंबरठ्याच्या वर असेल तर सुरक्षा अहवालासारख्या मोठ्या जबाबदाऱ्या येतात. लहान शीतगृहाचा साठा सहसा त्याच्या खाली असतो, आणि त्यावरून ‘आपल्याला काही लागत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, जो चुकीचा आहे. धोके ओळखणे, कामगारांना प्रशिक्षण व संरक्षक साधने देणे, रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका जवळ ठेवणे या गोष्टी उंबरठ्याखालीही सुटत नाहीत. दाबाखालच्या भांड्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून मुदतीत करून घ्यावी लागते. अमोनियाची गळती झाली तर ती पहिल्यांदा भोगणारा माणूस पेट्या उचलणारा हंगामी मजूर असतो, आणि त्याला कोणत्या दिशेने पळायचे हे कुणी दाखवलेले नसते. वारा कोणत्या बाजूने आहे ते सांगणारा कापडी नळकांडा शेडवर आहे का, ही गोष्ट कोणत्याही अर्जात विचारलेली नसली तरी चांगला सल्लागार ती पहिल्या भेटीत वर मान करून पाहतो.

वायनरीचेही तसेच. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि नाशिक परिसरात हा उद्योग उभा राहिला. वाईन ही उत्पादन शुल्क विभागाच्या ताब्यातली वस्तू, २०१८ च्या मद्य पेयांविषयीच्या विनियमांमुळे अन्न म्हणूनही तिच्यावर मानके, आणि टाक्या धुण्याच्या पाण्यात सेंद्रिय भार मोठा असल्याने प्रदूषण मंडळाच्या अटी. हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, म्हणजे सांडपाणी वर्षभर सारखे निघत नाही. काही आठवड्यांत एकदम येते. शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता वर्षाच्या सरासरीवर काढली तर तो कागदावर पुरतो आणि हंगामात तुंबतो. ज्याने कधी द्राक्षांची तोडणी पाहिली नाही, त्या सल्लागाराच्या हे लक्षात येत नाही.

बॉयलरबद्दल थोडक्यात एवढेच, की १९२३ च्या कायद्याची जागा बॉयलर कायदा, २०२५ ने घेतली आहे, आणि बॉयलर सॉससाठी आहे की रसायनासाठी याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

तारखा

परवाना भिंतीवर लागला की पूर्तता संपली असे समजले जाते. प्रत्यक्षात तिथून ती सुरू होते. अन्न उत्पादकाचे वार्षिक विवरणपत्र ३१ मे पर्यंत भरायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपयांप्रमाणे दंड. उत्पादनाची तपासणी सहा महिन्यांतून किमान एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत. ज्यांना लागू आहे त्यांनी पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ठेवायचा. या तारखा सांभाळणे हे सल्लागाराचे सर्वांत कंटाळवाणे काम आहे आणि सर्वांत उपयोगाचेही. बहुतेक करारनाम्यांत ते लिहिलेलेच नसते. ‘लायसन्स काढून देणे’ एवढ्याच शब्दांवर पैसे ठरतात आणि पुढच्या जून महिन्यात दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

कायदा बदलला की तारखांबरोबर नावेही बदलतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४८ चा कारखाने अधिनियम त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत सामावला गेला. वीज वापरत असल्यास २० आणि नसल्यास ४० कामगार हा कारखान्याचा उंबरठा आता संहितेतच आहे. बाटलीबंद पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र वर्षानुवर्षे सक्तीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ती सक्ती काढली आणि पुढच्याच महिन्यात हे पाणी अधिक जोखमीच्या अन्नांच्या वर्गात टाकले, म्हणजे एक ओझे उतरले आणि तपासणीचे दुसरे आले. ज्याचा सल्लागार फक्त नूतनीकरणाच्या वेळी उगवतो, त्याला यातले पहिले कळते आणि दुसरे कळत नाही.

अधिकारी दारात आल्यावर

नमुना घेण्याच्या दिवशी काय होते, हे प्रत्येक अन्न व्यावसायिकाला स्वतःला माहीत असले पाहिजे, कारण सल्लागार त्या क्षणी तिथे नसतो. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे) राहतात, आणि चौथा भाग व्यावसायिकाने तशी मागणी केली तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. ही मागणी त्याच वेळी करायची असते. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे कायदा सांगतो, आणि अहवाल विरुद्ध गेला तर तीस दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते; दोन अहवालांत तफावत असेल तर निर्देश प्रयोगशाळेचा (वरच्या ‘रेफरल’ प्रयोगशाळेचा) निष्कर्ष अंतिम मानला जातो.

पुष्कळ व्यावसायिक घाबरून चौथ्या भागाची मागणी करत नाहीत, कारण मागणी केली तर साहेब रागावतील असे त्यांना वाटते. आणि अहवाल हातात पडल्यावर ‘बघू, आपला माणूस आहे तिथे’ म्हणत तीस दिवस घालवतात. चौथा भाग मागणे हा हक्क आहे, अधिकाऱ्याचा अपमान नव्हे. अनुभवी अधिकाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. रीत पाळली गेली तर पुढे त्यांचेही काम सोपे होते. सुधारणा नोटिशीचेही असेच. त्रुटी आढळल्या तर अधिकारी किमान चौदा दिवसांची मुदत देऊन सुधारणा सांगू शकतात, आणि त्या न केल्यास परवाना आधी निलंबित, मग रद्द होऊ शकतो. या नोटिशीला उत्तर देताना सल्लागाराची खरी परीक्षा असते. ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असले उत्तर कुणीही लिहून देईल. कोणती त्रुटी होती, कारण काय सापडले, काय बदलले, कोणत्या तारखेला बदलले आणि त्याचा पुरावा सोबत काय जोडला आहे, असे उत्तर लिहायला कारखान्यात उतरावे लागते.

सगळे कागद बरोबर असूनही

द्राक्ष उत्पादकांना २०१० चा हंगाम अजून आठवतो. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट व्यवस्थेमुळे बागेपासून कंटेनरपर्यंतचा माग लावता येत होता, कीटकनाशकांच्या अवशेषांच्या चाचण्या होत होत्या, आणि तरीही क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने युरोपात माल अडला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. कागदांची साखळी जेवढे विचारले जाते तेवढेच सांगते. ज्या रसायनाकडे कुणाचे लक्ष नव्हते त्याबद्दल तिला काही सांगता येत नव्हते. माल ज्या देशात जायचा तिथली मर्यादा काय आणि आपल्या बागेत वर्षभरात प्रत्यक्ष काय फवारले गेले, या दोन याद्या शेजारी ठेवून पाहणारा माणूस त्या वेळी हवा होता. निर्यातीतला सल्लागार याच कामासाठी असतो, आणि त्यासाठी त्याला फवारणीची वही खरी मिळाली पाहिजे. बागायतदाराने वही नंतर एका बैठकीत भरून काढली असेल, तर सल्लागाराने कितीही चांगला सल्ला दिला तरी तो खोट्या माहितीवरच उभा राहतो.

जबाबदारी कुणाची

सल्लागार नेमला म्हणजे जबाबदारी त्याच्याकडे गेली, हा गैरसमज फार खोलवर आहे. अन्न कायद्याच्या कलम ६६ नुसार कंपनीच्या बाबतीत गुन्हा घडला तर त्या वेळी व्यवसायाच्या कामकाजाला जबाबदार असलेली व्यक्ती दोषी धरली जाते. कंपनीला एखाद्याला नामनिर्देशित करता येते, पण ती व्यक्ती कंपनीतली जबाबदार माणूस असावी लागते. कारखान्याच्या बाबतीत कंपनीचा एखादा संचालक हा ‘भोगवटादार’ असतो आणि सुरक्षिततेचे अंतिम उत्तरदायित्व त्याचे. सल्लागाराचे नाव यांपैकी कुठेच येत नाही. घरातल्या वयस्कर आईच्या नावाने परवाना काढून धंदा मुलाने चालवायचा ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. समन्स मात्र आईच्या नावाने येते. याकडे लक्ष न वेधता अर्ज भरून देणारा सल्लागार ग्राहकाची सोय पाहत नसतो, स्वतःची पाहत असतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रामाणिक सल्लागार ‘हे करता येणार नाही’ असे सांगतो तेव्हा ग्राहक पुष्कळदा दुसऱ्याकडे जातो, जो ‘होऊन जाईल’ म्हणतो. या धंद्यातल्या चांगल्या माणसांची मिळकत अशी कमी होते, आणि त्याला जबाबदार आपण ग्राहकच आहोत.

निवडताना

या व्यवसायात काही कामांना कायद्याने पात्रता ठरवली आहे आणि काहींना अजिबात नाही, हे आधी समजून घ्यावे. पर्यावरणीय मंजुरीचा अहवाल तयार करणारी संस्था नॅबेट या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता असलेली असावी लागते. दाबपात्रांची तपासणी करणारी सक्षम व्यक्ती संचालनालयाने मान्य केलेली असते. अन्नाचे त्रयस्थ लेखापरीक्षण एफएसएसएआयने मान्यता दिलेल्या संस्थाच करू शकतात. २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी नोंदणीकृत लेखापरीक्षकांची व्यवस्थाही आणली आहे. या कामांसाठी मान्यतेचे पत्र मागावे आणि त्यावरची मुदत वाचावी. अन्न परवान्याचा अर्ज भरून देण्यासाठी मात्र कोणतीही सनद लागत नाही. एफएसएसएआयने २०१९ मध्ये ‘फूड सेफ्टी मित्र’ ही प्रशिक्षित मदतनीसांची योजना आणली, पण पाटी लावण्यासाठी तीही सक्तीची नाही. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी खासगी संकेतस्थळेही आहेत, जी साध्या नोंदणीसाठी सरकारी शुल्काच्या कित्येक पट रक्कम घेतात. म्हणून देयकात सरकारी शुल्क आणि सल्ल्याचे मानधन या दोन ओळी वेगळ्या मागाव्यात आणि सरकारी शुल्काचे चलन आपल्या नावाचे असावे. रोख रकमेचा ज्याचा तपशील सांगता येत नाही, असा ‘इतर खर्च’ देयकात दिसला, तर तो कशासाठी हे विचारायला संकोच करू नये. बहुधा तो प्रश्नच पुरेसा ठरतो.

पहिल्या भेटीत तो गाळ्यावर आला का, त्याने सांडपाणी कुठे जाते हे विचारले का, अर्ज पाठवण्याआधी तो आपल्याला पूर्ण वाचायला दिला का, एवढ्या तीन गोष्टींवरून बरेच कळते. नाशिकमध्ये निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. एखाद्या सल्लागाराने आधी कोणाचे काम केले आणि ते नूतनीकरणापर्यंत नीट चालले का, याची चौकशी तिथल्या सभासदांकडे करता येते. उद्योग भवनाच्या जिन्यात मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा ती चौकशी भरवशाची.

आणि लॉगिन. अन्न परवान्याचे खाते, प्रदूषण मंडळाचे खाते, घातक कचऱ्याचे खाते ही सगळी कुणाच्या मोबाइल क्रमांकावर आणि कुणाच्या ई-मेलवर नोंदवली आहेत, हे आजच पाहावे. पुष्कळ लहान उद्योजकांची ही खाती सल्लागाराच्या क्रमांकावर उघडलेली असतात. नोटीस त्या ई-मेलवर येते, विवरणपत्राची आठवण त्या मोबाइलवर येते, आणि सल्लागाराशी देण्याघेण्यावरून बिनसले की उद्योजकाला स्वतःच्याच परवान्याच्या खात्यात शिरता येत नाही. क्रमांक बदलायला ओटीपी लागतो, आणि तो जुन्याच क्रमांकावर जातो. खाते सुरुवातीपासून स्वतःच्या क्रमांकावर उघडावे, सल्लागाराला काम असेल तेव्हा तेवढ्यापुरता प्रवेश द्यावा, आणि भरलेल्या प्रत्येक अर्जाची व पोचपावतीची प्रत आपल्या संगणकात, तारखेच्या नावाने, त्याच दिवशी ठेवून घ्यावी.